आजींचा पाठचा भाऊ

हेडक्लार्कांनी आजवर निरनिराळ्या खात्यांना एकंदर तीनशे चौदा अर्ज लिहिले. सांडपाणी खात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे फार नाही. त्यांतल्या तीनशे तेरा अर्जांचं पुढे काय झालं हे कुणालाच ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसण्यातच हेडक्लार्कांची मनःशांती होती. अर्ज लिहावा, पोच घ्यावी, पोच फायलीला लावावी आणि विषय संपवावा, असा त्यांचा शिरस्ता. एका अर्जावर मात्र सरकारने बाविसाव्या दिवशी माणूस पाठवून कारवाई केली. तो माणूस दारात उभा राहिला, तेव्हा आपण इतकं मुद्देसूद का लिहितो, असा प्रश्न हेडक्लार्कांना जन्मात पहिल्यांदा पडला.

अर्ज वासाबद्दल होता. हेडक्लार्क दुसऱ्या मजल्यावर राहत आणि त्यांच्या समोरच्या दारात पाहुणे राहत. पाहुणे म्हणजे परदेशातून आलेलं एक कुटुंब. त्यांना येऊन तीन वर्षं झाली होती, जिन्यातल्या पाटीवर त्यांचं नावही लागलं होतं, तरी इमारतीच्या लेखी ते पाहुणेच. घरात एक ऐंशीच्या पुढची आजी, ट्रक चालवत असल्यामुळे बहुतेक वेळ रस्त्यावरच असणारा नातू आणि चष्म्याच्या दुकानात काम करणारी नातसून. माणसं गरीब स्वभावाची होती. पण सकाळी अकराच्या सुमारास त्यांच्या दाराच्या फटीतून जो वास यायचा, तो काही गरीब स्वभावाचा नव्हता. आंबूस, खारट, थोडासा ओल्या मातीचा असा तो वास जिन्यात उतरायचा आणि एक वाजेपर्यंत कठड्याला धरून उभा राहायचा.

पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांचं म्हणणं पडलं की आत चामडं कमावत असणार. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण मतं द्यायच्या कामातून त्यांना कुणी निवृत्त केलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना वाटत होतं की आत काहीतरी मेलंय आणि सांगायला ते लाजताहेत. हेडक्लार्क इमारतीचे सेक्रेटरी. त्यांनी दोन्ही मतं ऐकून घेतली आणि आरोग्य खात्याला सात कलमी अर्ज लिहिला. त्यातलं चौथं कलम त्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवलं: ‘सदर वास उग्र, आंबूस व हेतूबद्दल संशय उत्पन्न करणारा आहे.’

बायको म्हणाली, ‘‘समोरचंच तर दार आहे. जाऊन विचारून का येत नाही?’’

विचारल्याने नोंद राहत नाही, असं हेडक्लार्कांनी तिला समजावून सांगितलं. अर्ज गेला, पोच आली, विषय संपला.

बरोबर चौदा दिवसांनी समोरचं दार उघडलं आणि नातसून हेडक्लार्कांच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. आजी न्हाणीघरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. मोठ्या गावच्या इस्पितळात ऑपरेशन होतं, सगळ्यांना जावं लागणार होतं आणि परतायला दहा दिवस तरी लागणार होते. हेडक्लार्क लगेच सेक्रेटरी झाले. नळ, गॅस, कुलपाची दुसरी किल्ली, सगळं आपल्यावर सोपवा म्हणाले. नातसुनेने मान हलवली. कुलपाची वगैरे काळजी नाही, पण एकाला जेवू घालावं लागेल, असं तिने सांगितलं आणि ती त्यांना आपल्या स्वयंपाकघरात घेऊन गेली.

तिथे कोपऱ्यात, दुहेरी घडीच्या घोंगडीवर, गुडघ्याएवढा, पण पोट सुटलेला एक मातीचा रांजण बसवलेला होता. नातसुनेने झाकण काढलं आणि तीन वर्षं जिन्यात भेटणारा तो वास हेडक्लार्कांना एकदम समोरासमोर भेटला.

त्यांच्याकडे, नातसुनेने सांगितलं, मुलगी जन्मली की त्याच दिवशी तिची आई एक रांजण भरते. धान्य, मीठ, पाणी, घरात असेल ती भाजी. तो आंबतो, वाढतो, आणि त्यातला एक चमचा पडल्याशिवाय त्या मुलीच्या घरात कुठलाही पदार्थ पुरा होत नाही. मुलीनंतर काही तासांनी भरलेला, म्हणून रांजण तिचा पाठचा भाऊ. आधी त्याला भरवायचं, मग तिने जेवायचं, जन्मभर. आजींनी तीन घरं सोडली, दोन गावं सोडली, शेवटी देश सोडला. देश सोडताना कपड्यांची पेटी मागे राहिली आणि रांजण मांडीवर आला.

‘‘पण मग आम्हीच का?’’ हेडक्लार्कांनी विचारलं. खरं तर त्यांना ‘आम्ही नको’ म्हणायचं होतं.

‘‘काका, तीन वर्षं आम्ही जिन्यात सगळ्यांच्या घरचे वास घेतोय,’’ नातसून म्हणाली. ‘‘रोज एकाच वेळी फक्त तुमच्याकडे कांदा परततो. बाराला दहा कमी. आजी त्यावर घड्याळ लावतात. त्या म्हणतात, ज्या घरात जेवणाची वेळ चुकत नाही, त्या घरात माझा भाऊ उपाशी राहणार नाही.’’

हेडक्लार्कांना आपलं चौथं कलम शब्दशः आठवलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी रांजण किती खोल आहे असं विचारलं, आणि सरकारी माणसाला तोंडी माहितीवर विसंबायची सवय नसल्यामुळे बाही वर करून उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. आत कोमट होतं. बोटांना काहीतरी हळूच बुडबुडून लागलं. हात बाहेर काढून पाहतात तो नातसून टाळी वाजवल्यासारखी दोन्ही हात जोडून उभी. त्यांच्याकडे म्हणे रांजण एकदा ज्याचा हात धरतो, त्याच हाताने जेवतो. आता दहा दिवस हात बदलता यायचा नाही. काकूंचाही चालणार नाही.

जाताना तिने नियम लिहून दिले. इथेच हेडक्लार्क पुरते अडकले. तोंडी सांगितलेल्या गोष्टी ते जिना उतरेपर्यंत विसरत, पण कागदावरचा नियम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. नियम पाच होते. घरात कुणीही जेवण्याआधी त्याला भरवावं. त्या दिवशी घरात जे सगळ्यात चांगलं झालं असेल, त्याची एक मूठ द्यावी. कोपरापर्यंत हात घालून तळापासून ढवळावं. तो जेवत असताना त्याच्या शेजारी बसून आपणही जेवावं आणि ताट संपेपर्यंत उठू नये. त्याच्यासमोर भांडू नये.

रांजण चौघांनी उचलून या दारातून त्या दारात आणला. मास्तरांनी न उचलता फक्त ‘डावीकडे, डावीकडे’ म्हणून सांगितलं, त्यामुळे दाराच्या चौकटीचा डाव्या बाजूचा टवका उडाला. स्वयंपाकघरात रांजण मावेल अशी एकच जागा होती, ती हेडक्लार्कांच्या खुर्चीची. खुर्ची गॅलरीत गेली आणि हेडक्लार्क स्टुलावर आले.

आता हेडक्लार्कांच्या जेवणाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण जास्त सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. कचेरी पाच मिनिटांवर असल्यामुळे ते दुपारी घरी येत. बारा चाळीसला ताटावर बसत, बारा सत्तेचाळीसला हात धुवत. मधल्या सात मिनिटांत डोळे वर्तमानपत्रावर असत. अठ्ठावीस वर्षांत बायकोने पानात काय वाढलं, हे त्यांना वर्तमानपत्र आड आल्यामुळे कधी दिसलं नव्हतं. आणि पहिल्याच दिवशी दुसरा नियम समोर आला. सगळ्यात चांगलं काय झालंय, हे ठरवल्याशिवाय मूठ टाकता येत नव्हती.

त्यांनी बायकोला विचारलं. बायको म्हणाली, मी काय सांगू, खाऊन बघा. चाखणं म्हणजे जेवणं नव्हे, असं ठरवून हेडक्लार्कांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. वांग्याची भाजी चमचाभर तोंडात घातली आणि डोळे मिटले. मग भात. मग पुन्हा वांगं, कारण शंका आली. मग भोपळा. निर्णयाला कारण जोडायची सवय असल्यामुळे त्यांनी एक जुनी वही काढली, रकाने आखले आणि लिहिलं: ‘वांगे. मीठ नेमके. तेल वर आले आहे. शेवटी किंचित गोडी राहते, ती कांद्याची असावी.’ वही त्यांनी बायकोपुढे सरकवली, नेहमीप्रमाणे शुद्धलेखन बघायला.

बायकोने ते वाचलं, वही खाली ठेवली आणि मोरीशी जाऊन नळ सोडला. धुवायला एकही भांडं नव्हतं. ती रडत होती, आणि का रडते आहे हे विचारायची हेडक्लार्कांची हिंमत झाली नाही.

वांग्याची मूठ रांजणात गेली, तोच पाऊण वाजता फोन वाजला. नातसून होती. ‘‘काका, जेवला का तो?’’

जेवला म्हटल्यावर पलीकडे काहीतरी बोलणं झालं. ‘‘आजी आता पेज घेतील,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या फोनसाठी थांबल्या होत्या.’’

हेडक्लार्कांना हसू आलं. मडकं जेवल्याशिवाय म्हातारी जेवत नाही, ही गोष्ट त्यांनी कचेरीत चहाच्या वेळी रंगवून सांगितली, आणि ती चांगली रंगलीही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी साडेबाराला एक फाईल मागवली, घरी पोचायला सव्वा वाजला, आणि फोन दारातच वाजताना ऐकू आला. नातसून अजिबात रागावली नाही. आजींचा निरोप होता की घाई करू नका, पेज गार झाली तरी चालेल, आधी तो जेवू दे. ऑपरेशन तोंडावर आलेलं, अंगात ताप, आणि ती म्हातारी अर्धा तास गार पेजेकडे बघत बसली होती. त्या दिवशी हेडक्लार्कांनी मूठ जरा मोठी टाकली. कचेरीत रंगवलेली गोष्ट त्यांना आठवली आणि आपलीच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी रोज दुपारी दोन तासांची रजा मागितली. रजेच्या छापील फॉर्मात रांजणाला जागा नव्हती. होतं ते ‘वयोवृद्ध आश्रिताची देखभाल’. हेडक्लार्कांनी फॉर्म सत्याला धरून भरला. वय: एक्क्याऐंशी. नाते: शेजारणीचा पाठचा भाऊ. प्रकृती: चालता येत नाही, बोलत नाही, रोज दुपारी हाताने भरवावे लागते. साहेबांनी तो वाचून चष्मा काढला. सख्खी मुलं करत नाहीत हल्ली, असं म्हणाले आणि सही करून हेडक्लार्कांच्या खांद्यावर हात ठेवला. सव्वीस वर्षांत साहेबांचा हात खांद्यावर पहिल्यांदा आला, आणि तो एका मडक्यामुळे आला, हे हेडक्लार्क कुणाला सांगूही शकत नव्हते.

इथवर सगळं ठीक होतं. पण वांग्याचा निकाल बायकोने गच्चीवर कपडे वाळत घालताना शिंपीणबाईंना सांगितला. शिंपीणबाई म्हणाल्या, बरं झालं, पण वांगं म्हणाल तर आमच्याकडे. संध्याकाळी झाकलेली वाटी आली. घरात आलेली वस्तू घरातली समजायची की नाही, यावर हेडक्लार्कांनी रात्रभर विचार केला आणि वाटी दाराच्या आत आली की ती घरातलीच, असा निर्णय दिला. हा निर्णय जिन्यात कळायला अर्धा तास लागला. पाचव्या दिवशी टेबलावर अकरा वाट्या होत्या. मास्तरांनीही स्वतः उकडलेला बटाटा आणला होता आणि त्यासोबत रांजणाला आहार कसा द्यावा याचं दोन पानी टिपण. त्यात रोज सकाळी रांजणाला बातम्या वाचून दाखवाव्यात, असंही होतं.

हेडक्लार्क अकराच्या अकरा वाट्या चाखत. वर्तमानपत्र केव्हाच गॅलरीत खुर्चीपाशी गेलं होतं. शिंपीणबाई भाजी उतरवायच्या आधी मिनिटभर झाकण काढतात, हे त्यांना चवीवरून कळू लागलं. तळमजल्यावरच्या औषधदुकानदाराची आई कशातही चिमूटभर साखर घालते आणि विचारलं तर नाही म्हणते, हेही कळलं. आपल्या बायकोच्या हाताला एक ठेका आहे, तिचं काहीही कधी अर्धवट परतलेलं नसतं, हे कळायला अठ्ठावीस वर्षं आणि एक रांजण लागला, असं त्यांनी वहीत लिहिलं आणि मग ते शासकीय भाषेत बसत नाही म्हणून खोडलं. बायकोने खोडलेलंही वाचलं.

निकाल मात्र महागात पडला. बटाटा नवव्या क्रमांकावर आल्यामुळे मास्तरांनी हेडक्लार्कांशी बोलणं सोडलं, म्हणजे सल्ले चिठ्ठीवर लिहून देऊ लागले. शिंपीणबाई आणि औषधदुकानदाराची आई यांचं पहिल्या नंबरावरून जिन्यात वाजलं. पाचवा नियम सगळ्यांना पाठ झालेला असल्यामुळे त्या दोघी जिन्यात भांडत, दाराशी आल्या की गप्प होत, रांजणाला वाटी दाखवत आणि बाहेर जाऊन राहिलेलं वाक्य पुरं करत. शेवटी इमारतीची शांतता राखणं हे सेक्रेटरीचं काम म्हणून हेडक्लार्कांनी मधला मार्ग काढला. प्रत्येक वाटीतली एकेक मूठ.

अकरा मुठी रोज. सहाव्या दिवशी रांजण बुडबुडू लागला. सातव्या दिवशी तो स्वतःशीच पुटपुटल्यासारखा आवाज करू लागला आणि झाकण मधूनच ताटलीसारखं वाजे. वास आता जिन्यात मावेना. तो फाटकाबाहेर जाऊन पानवाल्यापर्यंत पोचला. आणि गंमत म्हणजे इमारतीतल्या एकालाही तो आता वास वाटत नव्हता. मास्तरांनी चिठ्ठीवर लिहून कळवलं की आज सुगंध विशेष आहे.

आठव्या दिवशी बारा वाजून वीस मिनिटांनी आरोग्य निरीक्षक आले. सडपातळ, शांत, काखेत चामडी पिशवी. आधी त्यांनी समोरच्या दाराचं कुलूप पाहिलं, मग हवेत नाक वर केलं आणि वळून सरळ हेडक्लार्कांच्या दारात उभे राहिले. त्यांच्या हातात अर्ज होता. हेडक्लार्कांनी आपलं अक्षर लांबूनच ओळखलं.

अर्ज फार सुंदर लिहिलाय, निरीक्षक म्हणाले. चौथं कलम आमच्या कचेरीत नमुना म्हणून फळ्यावर लावलंय. हेडक्लार्कांना क्षणभर अभिमान वाटला आणि तो वाटल्याबद्दल लगेच स्वतःचा राग आला. निरीक्षकांनी स्वयंपाकघरात जाऊन रांजण पाहिला आणि ते अडचणीत पडले. अर्जदार आणि आक्षेपार्ह वस्तू एकाच पत्त्यावर सापडण्याची सोय त्यांच्या फॉर्मात नव्हती.

हेडक्लार्क म्हणाले, अर्ज मागे घेतो. निरीक्षक म्हणाले, घ्या, त्यासाठी अर्ज करा. त्याला बावीस दिवस लागतात. तोवर वस्तू सील. त्यांनी पिशवीतून कागदी पट्टी काढली, गोंद लावला, झाकणावरून रांजणाच्या गळ्यापर्यंत चिकटवली, सही केली, शिक्का मारला. पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेचा माणूस नमुना घ्यायला येईल. तोवर उघडणं हा गुन्हा.

घड्याळात बारा पस्तीस झाले होते. बायको हातातला डाव तसाच धरून उभी. दारात मास्तर, शिंपीणबाई आणि सगळा जिना, प्रत्येकाच्या हातात वाटी. दहा मिनिटांत फोन वाजणार आणि मोठ्या गावात ती म्हातारी पेज समोर ठेवून बसणार, आज, उद्या, इथे परतल्यावरही, पंधरा दिवस. मग सव्वीस वर्षांची नोकरी कामाला आली. त्यांनी निरीक्षकांकडे नियमांचं पुस्तक मागितलं.

त्यांनी ते अनुक्रमणिकेपासून वाचायला घेतलं. बोट फिरत फिरत एका ठिकाणी थांबलं. जप्त केलेली वस्तू सजीव असल्यास, अधिकाऱ्याच्या समक्ष तिला दररोज खाणेपिणे देण्यात यावे. हे गुरांसाठी आहे, निरीक्षक म्हणाले. हेडक्लार्क म्हणाले, गुरांचा उल्लेख दाखवा. निरीक्षकांनी कलम तीनदा वाचलं. उल्लेख नव्हता.

‘‘पण मडकं सजीव आहे हे सिद्ध कसं करणार?’’ त्यांनी विचारलं.

हेडक्लार्क पुस्तकात ‘सजीव’ची व्याख्या शोधू लागले. तेवढ्यात रांजण पुटपुटला. कागदी पट्टी मधोमध फुगली, सहीवर सुरकुती पडली, शिक्का लांबट झाला, आणि फट् असा आवाज होऊन झाकण टणकन उडालं ते मास्तरांच्या बटाट्यावर पडलं. फेसाचा एक फुगा वर आला, निरीक्षकांकडे पाहत थोडा थांबला आणि फुटला.

निरीक्षकांनी कपाळावरचे शिंतोडे रुमालाने टिपले. ते प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं, ‘सील वस्तूने स्वतः तोडले.’ मग जरा विचार करून पुढे लिहिलं, ‘वस्तू सजीव असून भुकेली दिसते.’ रोज भरवताना अधिकारी समक्ष हवा, तेव्हा पाहुणे परतेपर्यंत दुपारी आपल्यालाच यावं लागेल, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते स्टूल शोधू लागले.

हेडक्लार्कांनी बाही वर केली. आज निवडायला वेळ नव्हता. बायकोच्या कढईतली एक मूठ घेऊन त्यांनी हात आत घातला आणि फोन वाजला. बायकोने तो त्यांच्याजवळ धरून आवाज मोठा केला.

‘‘काका, जेवला का तो?’’

‘‘आत्ता जेवतोय,’’ हेडक्लार्क म्हणाले. ‘‘पाच मिनिटं उशीर झाला.’’

मागे गलका ऐकू येत होता. कोण आलंय, नातसुनेने विचारलं. निरीक्षकांना खोटं बोलता येत नसे. ते मोठ्याने म्हणाले की आरोग्य खात्यातून वासाच्या तक्रारीची चौकशी चालू आहे.

नातसून हळू आवाजात म्हणाली, ‘‘आमच्याबद्दल कुणी तक्रार केली का? कुणी केली, काका?’’

जिन्यातल्या सगळ्यांनी आपापल्या वाटीत पाहिलं. निरीक्षक कागद चाळू लागले. काही सांगायची गरज नव्हती. चौकशी चालू आहे, नाव गोपनीय असतं, असं म्हणून भागलं असतं आणि ते नियमाला धरूनही झालं असतं. हेडक्लार्कांचा हात कोपरापर्यंत त्या कोमट अंधारात होता आणि बोटांना बुडबुडे लागत होते.

‘‘मी,’’ ते म्हणाले. ‘‘मी केली. तुम्ही जायच्या आधी. येऊन विचारलं नाही, सरळ अर्ज लिहिला. चुकलं माझं.’’

नातसुनेने आपल्या भाषेत आजींना सांगितलं असावं, कारण नंतर आजींचा आवाज आला. बारीक, खरखरीत, मधे मधे दम लागणारा. त्या बराच वेळ बोलल्या. हेडक्लार्कांना एक शब्द कळला नाही. आयुष्यात कुठल्याही मेमोची त्यांनी इतकी धास्ती घेतली नव्हती.

‘‘काका,’’ नातसून म्हणाली. ‘‘आजी विचारतायत, तुम्ही जेवलात का?’’

हेडक्लार्कांनी मान हलवली, मग फोनवर मान दिसत नाही हे लक्षात येऊन कसंबसं ‘नाही’ म्हणाले.

‘‘मग त्या थांबल्यात. आज त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी. तुम्ही बसा आधी.’’

बायकोने ताट वाढलं. हेडक्लार्क रांजणाशेजारी स्टुलावर बसले, डोळे पुसले, तर पुसणारा हात रांजणातलाच असल्यामुळे ते आणखीच वाहू लागले. जिन्यातली मंडळी आत आली आणि मिळेल तिथे फतकल मारून बसली. निरीक्षकांच्या हातात कुणीतरी वाटी दिली. फोन ताटाशेजारी उभा करून ठेवला होता. हेडक्लार्कांनी पहिला घास घेतला आणि तो सावकाश चावून गिळला. फोनमधून, फार लांबून, चमचा वाडग्याला लागल्याचा आवाज आला. मग त्यांनी दुसरा घास घेतला.